डाग वेगळा, खड्डा वेगळा

अगं, पुटकुळ्यांनी मागे ठेवलेल्या खुणा घालवायच्या तर आधी खिडकीपाशी आरसा घेऊन बस, उजेड बाजूने पडू दे. बोटाला सपाट लागतं, नुसतं काळसर दिसतं, तो डाग; तो काही महिन्यांत फिकटतो. खळगा लागला तर तो व्रण, आणि तो कुठल्याच मलमाने पुरता भरत नाही. मला हे कुणी सांगितलं नाही. दुकानातली गोरं करणारी क्रीम वर्षभर चोळली, तिच्यात स्टिरॉइड होतं. चेहरा लाल झाला, पुटकुळ्या पुन्हा उसळल्या.

नव्या पुटकुळ्या थांबेपर्यंत खड्ड्यांवर पैसे घालू नकोस. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, जेलचं घे. म्हापशाच्या बाजारात भर उन्हात फिरलीस की घामाने उतरतंच, दोन तासांनी परत लाव.

सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना टीसीए क्रॉस, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी तीव्र आम्ल लावणं; पसरट लाटांसारख्यांना सबसिजन, म्हणजे कातडीखाली ओढून धरणारे धागे सुईने सोडवणं, किंवा मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी टोचणं. बैठका महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, आणि फरक सावकाश दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर जोरदार लेझरने नवे काळे डाग उठू शकतात, हे डॉक्टरांना आवर्जून विचार. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात त्वचाविभाग आहे, तिथे दाखव. घरी डर्मारोलर, तो बारीक सुयांचा रोलर, फिरवू नकोस, बाय.