भांबुर्ड्याला दुसरं नाव नको

प्रश्न : मी चौलजवळच्या एका गावातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गेल्या दिवाळीत एका ई-दिवाळी अंकात पोपटीवर, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांवर, माझा लेख आला. आयुष्यातला पहिलाच. महिन्याभरात सात देशांतून ई-मेल आले! इस्रायलमधल्या अश्दोदच्या एक आजी लिहितात, त्यांचं लहानपण रेवदंड्यात गेलं. न्यू जर्सीचा एक मुलगा विचारतो, पोपटी ओव्हनमध्ये होईल का? मॉरिशसच्या एका मास्तरांना 'भांबुर्डा' कळला नाही. माझा मुलगा म्हणतो, "आई, आता तू जगासाठी लिहितेस, गावठी शब्द काढ." म्हणून दुसरा लेख 'जगभरातील वाचकहो' असा सुरू केला, कंसात अर्थ दिले. वाचताना मलाच झोप आली. दोन्ही लेख आणि आजींचं पत्र सोबत जोडलंय. काय चुकलं?

उत्तर : बाई, दोन्ही वाचले. पहिल्यात तुम्ही मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवता, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाला पाल्याचं बूच. मग मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवता. थोरले दीर मडक्यावर पाण्याचा हबका मारतात, 'चर्र' होऊन पाणी उडतं आणि ते म्हणतात, "काढा." दुसऱ्या लेखात दीर नाहीत, पेंढा नाही. 'एक पारंपरिक सामूहिक खाद्यप्रकार' आहे. तो अश्दोदच्या आजींनी काय करायचा?

हे पाप मीही केलंय. मी पंचवीसेक वर्षं एका मासिकात संपादनाचं काम केलं. परदेशी वर्गणीदारांचे अंक सुतळी बांधून समुद्री टपालानं जायचे. दिवाळी अंक लंडनला पोचेपर्यंत इकडे तिळगूळ वाटून व्हायचा. तेव्हा मी एका कथेतली 'पडवी' काढून 'व्हरांडा' केला होता, बाहेरच्यांना सोपं जावं म्हणून. चार महिन्यांनी लंडनहून निळं एअरोग्राम आलं. एक ओळ : 'आमच्या गावात व्हरांडा फक्त डाकबंगल्याला होता, पडवी कुठे गेली?' ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. त्या माणसाला लंडनमधे व्हरांड्यांची काय कमी होती? अंक त्यानं पडवीसाठी मागवला होता.

तुम्हाला लिहिणारे लोक कोण आहेत तेही बघा. अश्दोदच्या आजी बहुधा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू असाव्यात. अलिबाग-रेवदंडा भागात ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते. इस्रायल 1948 साली झालं, त्यानंतर यांतली बरीच कुटुंबं तिकडे गेली; जाताना मालिदा नेला, बिरडं नेलं आणि मराठीही नेली. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. मॉरिशसच्या मास्तरांचे पूर्वज 1834 नंतर उसाच्या मळ्यांवर करारानं गेलेल्या मजुरांपैकी, गिरमिटियांपैकी असणार. त्यांतल्या मराठी मजुरांत कोकणातली माणसं पुष्कळ. आज त्यांच्या घरात बोलणं क्रिओलमधे होतं, मराठी शाळेत शिकावी लागते, पण गणपतीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. अशा माणसानं 'भांबुर्डा म्हणजे काय' विचारलं, तर त्याला तो शब्द हवाय म्हणून विचारलंय. तुमचे चिरंजीव त्याला तक्रार समजले.

शब्द ठेवा आणि कंस काढा. शब्दाला वाक्यातच काम द्या : 'बांधावरचा भांबुर्डा ओरबाडला की हाताला उग्र वास राहतो, तोच पुढे शेंगांना लागतो.' झालं! वनस्पतीचं लॅटिन नाव नको.

एक गोष्ट मात्र पहिल्या लेखातही राहिली आहे आणि ती दूरच्या वाचकाला खरंच अडते. 'थंडी पडली की' एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. मॉरिशसमधे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, वर चक्रीवादळांचा मोसम. तिथल्या वाचकासाठी महिना लिहा आणि त्या महिन्यात तुमच्या शेतात काय उभं असतं तेही : भात कापून झालेलं, वाल शेंगांवर आलेला. गावाचं नावही घाला. रेवदंडा म्हटल्याबरोबर आजींना जे दिसेल ते तुमच्या चार परिच्छेदांत मावणार नाही.

'जगभरातील वाचकहो' तर खोडाच. असा वाचक मला पंचवीस वर्षांत भेटला नाही. सात देश म्हणजे सात-आठ माणसं, त्यांतल्या एकाला समोर बसवा. मी तुमच्या जागी असते तर मॉरिशसच्या मास्तरांना बसवलं असतं. ते मधेमधे हात वर करतील, पण तुम्हाला त्याची सवय आहे.

न्यू जर्सीच्या मुलाला खरं सांगा : ओव्हनमधे शेंगा शिजतील, धूर लागणार नाही, आणि धूर करायला गेला तर घरातला अलार्म बोंबलेल. करू दे त्याला. काय झालं ते मात्र लिहून मागवा, तुमच्या तिसऱ्या लेखाची सोय होईल.

आणि आजींचं उत्तर आज पाठवा. त्यांचं रोमन लिपीतलं पत्र मोठ्यानं वाचा, मग लागेल. शेवटच्या ओळीत त्यांनी विचारलंय, 'vaal kadve ki gode', म्हणजे साध्या मराठीत : वाल कडवे की गोडे? तुम्ही लेखात ते कुठेच लिहिलेलं नाही.