१२ इंची फिगरचं (माणसाच्या छोट्या पुतळ्याचं) डोकं बाबांसारखं दिसत नाहीये, नवीन घडवू की आहे तेच सुधारू?

आहे तेच सुधारा, पण ओरिजिनलवर हात घालू नका, आधी सिलिकॉनचा साचा काढून रेझिनच्या (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) २-३ कॉप्या पाडा म्हणजे एक बिघडली तरी टेन्शन नाही. चेहरा जुळत नाही तो बहुतेक वेळा सुरकुत्या, मिशीमुळे नाही तर मापांमुळे, म्हणजे दोन डोळ्यांतलं अंतर, नाक ते ओठ, जबड्याची रुंदी, म्हणून बाबांचा समोरून अन् बाजूने फोटो ६-७ फुटांवरून झूम करून घ्या (जवळून काढला की नाक मोठं येतं), फिगरच्या डोक्याच्याच साइजमध्ये प्रिंट काढून शेजारी ठेवा. जास्तीचं ब्लेडनं खरवडा, कमी तिथे इपॉक्सी पुट्टी (दोन भाग मळून लावायची, नंतर कडक होते), ओल्या टूलने, थोडी थोडी. एम-सील चालते पण बारीक पापण्यांना नाही, लवकर कडक होते. मी मूर्तीकाम करतो, आमच्या चितार ओळीतही (नागपूरची मूर्तिकारांची वस्ती) आधी माप मग नक्षी हेच चालतं. फक्त आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पुट्टी अन् सिलिकॉन दोन्ही भराभर सेट होतात, तेव्हा पहाटे बसा नाहीतर कूलरसमोर. अन् रेझिन घासाल तर ओलं करून, मास्क लावून.