वाचकांचे प्रश्न : वडिलांची रायफल अडते

प्रश्न : वडिलांच्या पश्चात आलेली .३१५ बोअरची बोल्ट रायफल (बोल्ट म्हणजे हाताने मागे-पुढे करून काडतूस चढवायचा दांडा) शेतवस्तीच्या राखणीसाठी ठेवली आहे. पण दुसरे काडतूस चढताना अडते. काय करावे? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : परवाना आपल्या नावावर नसेल, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ती आधी पोलीस ठाण्यात जमा करावी. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे राहिली, तर बोल्ट पुढे ढकलताच दोन्ही एकमेकांत गुंततात. म्हणून वरची कड नेहमी पुढे ठेवावी. तरीही अडल्यास डिंकासारखे घट्ट झालेले जुने ग्रीस किंवा मॅगझिनची थकलेली स्प्रिंग तपासून घ्यावी. मॅगझिनचे ओठ (काडतुसे आत धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्ट्या) पकडीने वाकवण्याचा घरगुती उद्योग मात्र नको. ते काम परवानाधारक कारागिराचे, आणि चाचणीही डमी (दारू नसलेल्या) काडतुसांनीच व्हावी.