साइड पाइप फट्‌फट् वाजतोय, बदलू की वाचवू?

प्रश्न : माझ्याकडे १९६७ची कॉर्व्हेट (अमेरिकन स्पोर्ट्स कार) आहे, साइड पाइप, म्हणजे दाराखालून जाणारे धुराचे पाइप, फॅक्टरीचेच. वरची कव्हरं काळवंडलीत, दोन स्क्रू जाम झालेत आणि ॲक्सिलरेटर सोडला की फट्‌फट् आवाज येतो. सगळं काढून बफिंगला (फिरत्या चाकावर घासून चकाकवायला) देऊ का? ओरिजिनल आहे म्हणून पाइपही तोच ठेवायचाय.

उत्तर : बफिंगचं नंतर बघू हो, आधी तो फट्‌फट् आवाज बघा. बहुतेक कुठल्यातरी जॉइंटमधून बाहेरची हवा आत शिरतेय आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतंय. इंजिन गार असताना ब्लोअरने पाइपाच्या तोंडातून हवा भरा, जॉइंटवर साबणाचं पाणी लावा, जिथे बुडबुडे येतील तिथे लीक. आणि हे टाळू नका, कारण साइड पाइप अगदी दाराखाली असतो, लीक झालेला कार्बन मोनॉक्साइड आत यायला वेळ लागत नाही आणि त्याला वासही नसतो.

आता पाइप वाचवायचा का? टिचकी मारून बघा, खणखणीत वाजला तर ठीक, भदभद वाजला तर आतून सडलाय, मग त्यावर वेल्डिंगची ठिगळं लावत बसू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, आणि गाडी नुसती पाच-दहा मिनिटं फिरवून परत लावली तर ते उडून न जाता पाइपात साचतं. पाइप ही झिजायचीच वस्तू आहे. फक्त नवा घेताना साधा सरळ पाइप घेऊ नका, तुमच्या गाडीत वेगळा सायलेन्सर नसतो, पाइपच ठिकठिकाणी चेपलेला असतो आणि तो खास आवाज त्यातूनच येतो.

कव्हरं मात्र जपा, ती ॲल्युमिनियमची आहेत. जाम स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी थोडं थोडं पुढे-मागे फिरवा. गॅसची ज्योत लावायचा मोह आवरा, ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि त्याआधी लोखंडासारखं लालही होत नाही, म्हणजे कळेपर्यंत भोक पडलेलं असतं (मी एकदा हा प्रकार डोळ्यांनी बघितलाय, कव्हर माझं नव्हतं एवढंच समाधान). कॉस्टिक सोडाही नको, तो ॲल्युमिनियम खातो. साधा साबण, मऊ ब्रश, मग हाताने पॉलिश, एवढ्याने बरंच उजळतं. बफिंगच्या चाकाखाली कव्हरावरच्या उभ्या धारा गोल होतात, त्या परत येत नाहीत.

परत बसवताना स्क्रूला अँटी-सीझ (स्क्रू जाम होऊ न देणारं वंगण) लावा, स्टील आणि ॲल्युमिनियममध्ये ओल गेली की ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, तुमचे स्क्रू त्यामुळेच जाम झालेत. जुनी गॅस्केट आणि पाइपावर गुंडाळलेली पट्टी असेल तर ती मात्र कोरडी घासू नका, त्या काळच्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओली करून काढा. आणि पहिल्या फेरीनंतर उतरताना पाय जरा लांब टाका, पोटरीला चटका बसला की आठवडाभर आठवण राहते.