वाचकांचे प्रश्न : साध्या दारासाठी इलेक्ट्रॉनिक कुलूप

प्रश्न : महोदय, मी इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या अंतिम वर्षात शिकतो. दाराची चौकट न फोडता, नेहमीच्या गोल मुठीच्या दारावर बसेल असे इलेक्ट्रॉनिक कुलूप आमच्या गटाने करायला घेतले आहे. आर्डुइनो उनो (प्रयोगांसाठीचा छोटा नियंत्रक बोर्ड), कार्ड वाचणारा भाग आणि बारा व्होल्टचा सोलेनॉइड (वीज दिली की लोखंडी दांडा ओढणारी तारेची गुंडाळी) अशी जुळणी केली, पण पेन्सिल सेलचे आठ नग दीड दिवसात संपतात. बाजारातली कुलपे मात्र चार सेलवर वर्षभर चालतात. आमचे कोठे चुकते? (सांगली)

उत्तर : तुमचा संशय सोलेनॉइडवर असेल, पण आधी हिशेब मांडून पाहू. दार दिवसातून दहा वेळा उघडले आणि प्रत्येक वेळी सोलेनॉइडने पाच सेकंद एक अँपिअर घेतला, तरी दिवसाचा खर्च सुमारे चौदा मिलिअँपिअर-तास होतो. याउलट उनोचा बोर्ड काहीही न करता सुमारे ५० मिलिअँपिअर घेत बसतो. म्हणजे दिवसाला १२०० मिलिअँपिअर-तास. कार्ड वाचणारा भाग सतत चालू असेल तर त्याचा खर्च वेगळाच. अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता साधारण २००० ते २५०० मिलिअँपिअर-तास असते आणि सेल एकामागे एक जोडल्याने व्होल्टेज वाढते, ही क्षमता वाढत नाही. दीड दिवसाचे गणित येथेच सुटते. बोर्डाऐवजी नुसता मायक्रोकंट्रोलर (बोर्डावरची मुख्य चिप) वापरा, त्याला निद्रावस्थेत ठेवा आणि बटणाचा किंवा मुठीचा स्पर्श झाला तरच जागा करा. सगळे परिपथ मिळून ५० मायक्रोअँपिअरवर आणता आले, तर दिवसाचा खर्च जेमतेम सव्वा मिलिअँपिअर-तास राहतो.

आता सोलेनॉइडकडे वळू, कारण खरा आराखड्याचा प्रश्न तेथे आहे. कुलपाची जीभ विजेने ओढायचीच कशाला? माणूस दारापाशी उभा आहे, त्याचा हात मुठीवर आहे आणि मूठ फिरवायची त्याची तयारीही आहे. चांगल्या कुलपात विजेचे काम एवढेच असते, की हाताच्या त्या बळाला आत जाऊ द्यायचे की नाही हे ठरवणे. त्यासाठी बाहेरची मूठ आणि जीभ ओढणारा आतला दांडा एकमेकांपासून सुटे ठेवतात. कुलूप बंद असताना बाहेरची मूठ नुसती गरगर फिरते. कोणी पाइप लावून जोर केला तरी तो जोर यंत्रणेपर्यंत पोहोचतच नाही. योग्य कार्ड दाखवले किंवा बटणांवर योग्य आकडे दाबले की छोटी मोटर एक स्क्रू फिरवते, स्क्रू स्प्रिंगला दाबतो आणि स्प्रिंग एक बारीक खिटी दांड्याच्या खाचेत ढकलते. मग मूठ आणि दांडा एकत्र फिरतात.

मधली ती स्प्रिंग अनावश्यक वाटेल, पण तिच्याशिवाय हे कुलूप पहिल्याच आठवड्यात रुसेल. घाईतला माणूस आकडे दाबतानाच मूठ पिळून धरतो. तेव्हा खिटी आणि खाच समोरासमोर नसतात, खिटी थेट मोटरला जोडलेली असेल तर मोटर अडते आणि अडलेली मोटर सेल भराभर खाते. स्प्रिंग असली की मोटर आपले फेरे पुरे करून थांबते, दाब स्प्रिंगमध्ये साठून राहतो आणि मूठ सैल सोडताच खिटी आपोआप खाचेत बसते. अशा मोटरला ०.२ अँपिअर आणि अर्धा सेकंद पुरतो. जोडणे आणि सोडणे धरून दहा वेळांचा खर्च अर्ध्या मिलिअँपिअर-तासाच्या आसपास येतो. शिवाय हलक्या स्प्रिंगवरचा सोलेनॉइड बाहेरून जोरदार चुंबक लावून किंवा ठोका मारून हलवता येतो, ही त्याची जुनी खोड आहे.

मापांबाबत सांगायचे तर गोल मुठीच्या कुलपाला दारात ५४ मिलिमीटरचे आरपार भोक, कडेने जिभेसाठी २५ मिलिमीटरचे भोक आणि कडेपासून मध्यापर्यंत ६० किंवा ७० मिलिमीटर अंतर, हे अमेरिकेतून रूढ झालेले माप आहे; आपल्याकडील बेडरूमच्या गोल मुठीही बहुधा त्यावरच बसतात. दार ३५ ते ४५ मिलिमीटर जाडीचे गृहीत धरा. या भोकात फक्त यंत्रणा आणि एक केबल मावते, म्हणून सेल आणि निर्णय घेणारा बोर्ड आतल्या बाजूला, तर बाहेर नुसती बटणे ठेवा. बाहेरचे झाकण उचकटून दोन तारा जोडल्या आणि मोटर फिरली, तर ते कुलूप नव्हे. (या प्रकारच्या कुलपाला आकार देणाऱ्या वॉल्टर श्लाग यांनी १९०९ सालीच दाराबरोबर दिवा लावणाऱ्या-मालवणाऱ्या कुलपाचे पेटंट घेतले होते, विजेची आणि मुठीची ओळख तशी जुनीच.)

सेल संपल्यावर नऊ व्होल्टची बॅटरी टेकवण्यासाठी बाहेर दोन टोके अवश्य द्या, मात्र त्यांतून वीजच जावी, माहिती नव्हे. २०१२ साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत हॉटेलांतील ऑनिटी कंपनीच्या कुलपांची उघडी बाजू दाखवली गेली ती हीच : कुलपाच्या तळाच्या जोडणीतून आतली स्मृती कोणतीही ओळख न देता वाचता येत होती आणि दार उघडणारा संकेतांक त्या स्मृतीतच होता. आतली मूठ मात्र विजेशी काडीचाही संबंध न ठेवता नेहमी उघडलीच पाहिजे. आग लागली तर घरातल्या माणसाने आकडे आठवत बसायचे नाही.

प्रश्न : आमच्या सागवानी दाराला बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर आहे. पावसाळ्यात दार फुगते. मोबाइलवरून उघडणारे कुलूप बसवावे का? घरी आई दिवसभर एकटी असते. (ठाणे)

उत्तर : दोन्ही दारे लावून मधले अंतर प्रथम मोजा, नवी मूठ सेफ्टी डोअरच्या जाळीला अडते, हे बहुतेकांना सुताराने भोक पाडून झाल्यावर कळते. मोबाइलवरून उघडणाऱ्या अनेक कुलपांत जीभ मोटरनेच ओढली जाते आणि फुगलेल्या दारात जीभ पट्टीच्या खाचेत घट्ट दाबलेली असते. त्यामुळे आधी दाराच्या कडेला रंधा मारून घ्या, उघडे पडलेले लाकूड लगेच पॉलिश करा (नाहीतर ते पुन्हा ओल पिईल) आणि चौकटीवरील पट्टीची खाच कानशीने किंचित रुंद करा. भर पावसात एकाच बोटाने जीभ मागेपुढे सरकली, तरच मोटरचे कुलूप घ्या. आणि आईंना आतली वरची कडी दिवसा लावू नका असे सांगावे लागेल, कारण ती लावलेली असेल तर बाहेरून मोबाइलने कुलूप उघडूनही दार उघडणार नाही. सेफ्टी डोअरच्या कुलपाची किल्लीही शेजाऱ्यांकडे ठेवा, कारण तेही दार आतून बंद असेल तर मोबाइल तेथे काहीच करू शकत नाही.