विषाणूंवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरचं करिअर कसं असतं?

वैद्यकीय पदवी, पीएचडी, पोस्टडॉक (म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन) करत स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत पस्तिशी सहज उलटते. रोजचं काम चिकाटीचं. पेशींच्या थरावर विषाणू सोडायचा, ३७ अंशांवर ठेवायचा, काही दिवसांनी रंग द्यायचा. पेशी मेल्या तिथे पांढरे ठिपके उरतात, ते मोजत बसायचं. मध्येच बुरशी लागली की आठवडा पाण्यात!

जर्मन विषाणूतज्ज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांचंच बघा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हर्पिसचा विषाणू असावा, असा १९७०च्या दशकात बऱ्याच जणांचा समज होता. हे मात्र एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या दुसऱ्याच विषाणूच्या मागे लागले. १९८३ मध्ये त्याचा एचपीव्ही-१६ हा प्रकार हाती लागला. या विषाणूवरची लस आली २००६ साली, नोबेल २००८ साली. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. इतकी वर्षं थांबायची तयारी असेल तरच या वाटेला जा.