राज्यशास्त्रातील पीएच.डी.साठी नेमके काय पूर्ण करावे लागते?

राज्यशास्त्रात एम.ए. झाले आहे, आता पीएच.डी. करायची आहे, तर पदवी हाती पडेपर्यंत काय काय पूर्ण करावे लागते, किती वर्षे धरून चालावे आणि संख्याशास्त्राची धास्ती असलेल्याने या वाटेला जावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. प्रवेश, कोर्सवर्क, संशोधन आराखडा, प्रबंध आणि मौखिक परीक्षा हे टप्पे थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी आहेत; कोणत्या टप्प्यावर किती भार टाकलेला आहे, एवढेच देशागणिक बदलते. मी स्वतः यातून गेलो आहे आणि नंतर बरीच वर्षे इतरांचे आराखडे वाचले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की विद्यार्थी नियमांमुळे क्वचितच अडतात. बहुतेक जण अडतात ते हाताशी विषय असतो पण प्रश्न नसतो म्हणून. तेव्हा नियमांचा भाग आधी उरकतो.

अमेरिकेत अनेक विभाग बी.ए.नंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश देतात. पहिली दोन वर्षे बहुतांशी वर्गात जातात, आणि त्यानंतर येते ती सर्वंकष परीक्षा, जिची धास्ती प्रबंधापेक्षाही जास्त असते. तौलनिक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत, अमेरिकी राजकारण आणि संशोधनपद्धती या उपशाखांपैकी साधारणपणे दोन निवडायच्या, प्रत्येकीची लांबलचक वाचनयादी पचवायची आणि त्या शाखेत आजवर कोण कोणाशी कशावरून भांडत आले आहे हे सलग मांडून दाखवायचे, असे तिचे स्वरूप असते. ती पार पडली आणि संशोधनाचा आराखडा मार्गदर्शक प्राध्यापकांच्या समितीने मान्य केला की विद्यार्थी अधिकृतपणे पदवीचा उमेदवार होतो. एकूण पाच ते सात वर्षे धरावीत. ब्रिटनमध्ये उलट प्रकार आहे: बहुधा एम.ए. आधीच झालेले असते, आराखडा अर्जासोबतच द्यावा लागतो, वर्गातले शिक्षण थोडे असते आणि तीन ते चार वर्षांत साधारण ऐंशी हजार ते एक लाख शब्दांचा प्रबंध सादर होतो. म्हणजे प्रश्न अजून चाचपडत असाल तर अमेरिकी पद्धत सोयीची आणि प्रश्न पक्का असेल तर ब्रिटिश पद्धत बरी, असे माझे मत आहे.

जर्मनीत मौखिक परीक्षा उत्तीर्ण होऊनही काम संपत नाही. प्रबंध प्रकाशित झाल्याशिवाय पदवी लावता येत नाही. ही अट आपल्याला वाटते तितकी परकी नाही. कोलंबिया विद्यापीठातही एकेकाळी छापील प्रती सादर केल्यावरच पदवी मिळत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध लंडनमध्ये १९२५ साली पुस्तकरूपाने निघाला आणि पीएच.डी. त्यांना रीतसर १९२७ साली मिळाली, जरी कोलंबियातले शिक्षण आटोपून त्यांना तोवर दहा वर्षे उलटून गेली होती.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली आधाराला धरावी. एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत), प्रवेश परीक्षा किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि मुलाखत, किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) कोर्सवर्क व त्यात ५५ टक्के, दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण, आणि शेवटी दोन बाह्य परीक्षकांकडून प्रबंधाची तपासणी व मौखिक परीक्षा, असा हा क्रम आहे. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रकाशित झालाच पाहिजे ही आधीची सक्ती या नियमावलीने काढून टाकली, आणि ते योग्यच झाले, कारण त्या सक्तीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे चांगलेच फावले होते. तरीही आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण काही विद्यापीठे आपली जादा अट ठेवतात. प्रबंधात इतरांचे लेखन उतरवले आहे का हे पाहणाऱ्या साम्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, हा आकडा २०१८ च्या नियमांतला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझा पहिला आराखडा 'लोकशाहीतील मतदारांचा सहभाग' या भारदस्त शीर्षकाचा होता आणि तो परत आला. समासात मार्गदर्शकांनी पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती: "तुमचे म्हणणे चुकीचे असेल तर ते तुम्हाला कशावरून कळेल?" मला त्या वेळी राग आला होता. आठवडाभराने लक्षात आले की माझ्या वीस पानांत चुकीचे ठरू शकेल असे एकही विधान नव्हते.

त्याच विषयातून प्रश्न कसा काढता येतो ते एका उदाहरणावरून पाहा. नेदरलँड्सने १९७० साली सक्तीचे मतदान रद्द केले. १९६७ च्या संसदीय निवडणुकीत सुमारे ९५ टक्के मतदान झाले होते, ते १९७१ मध्ये सुमारे ७९ टक्क्यांवर आले. 'सक्ती गेली आणि मतदान घटले' हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर पदवी मिळणार नाही. पण जे मतदार घरी बसले ते कोणत्या उत्पन्नगटाचे आणि शिक्षणाचे होते, आणि त्यांची मते मिळणार नाहीत हे कळल्यावर पक्षांच्या जाहीरनाम्यांतून त्यांच्या मागण्या हळूहळू गळाल्या का, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. शेजारच्या बेल्जियममध्ये १८९३ पासूनची सक्ती टिकून राहिली, म्हणजे तुलनेलाही जागा आहे. साधने कोणती लागतील हेही प्रश्नच सांगतो: सर्वेक्षणांची आकडेवारी आणि दोन-तीन दशकांचे जाहीरनामे. आणि डच वाचता येत नसेल तर एक तर डच शिकावी लागेल किंवा दुसरा देश शोधावा लागेल. भाषेची अट नियमावलीत लिहिलेली असो वा नसो, ती अशी प्रश्नाच्या पोटातून येते.

संख्याशास्त्राबद्दलच्या तुमच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. वरील प्रश्न घेतला तर प्रतिगमन विश्लेषण (रिग्रेशन, म्हणजे एका घटकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) आणि आर किंवा स्टाटा यांपैकी एखादी संगणक प्रणाली आल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु एखाद्या पक्षात उमेदवारी कशी ठरते हे समजून घ्यायचे असेल तर मुलाखती आणि प्रत्यक्ष निरीक्षण लागेल, परराष्ट्र धोरणातील एखाद्या जुन्या निर्णयासाठी अभिलेखागारात महिने घालवावे लागतील आणि राजकीय सिद्धांतात मूळ ग्रंथांचे बारीक वाचन हेच प्रयोगशाळेचे काम करते. तेव्हा संख्याशास्त्र येत नाही म्हणून पीएच.डी. सोडण्याचे कारण नाही. मात्र ते टाळता यावे म्हणून प्रश्न निवडला, तर ती पळवाट परीक्षकांच्या पहिल्या वाचनात उघडी पडते. शिवाय स्वतःला आकडेवारी वापरायची नसली तरी इतरांचे तक्ते वाचता आलेच पाहिजेत, नाहीतर पूर्वसंशोधनाचा आढावा अर्धवट राहतो.

आधारसामग्री, म्हणजे संशोधनासाठी गोळा केलेली मूळ माहिती, जपून ठेवणे ही अट विद्यार्थी सर्वांत हलक्यात घेतात. समलिंगी विवाहाबाबत घरोघरी जाऊन केलेल्या संभाषणाने लोकांची मते टिकाऊपणे बदलतात, असे सांगणारा एक लेख २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याचा पहिला लेखक राज्यशास्त्राचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. तसाच अभ्यास पुन्हा करू पाहणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तरुण संशोधकांना आकड्यांत विसंगती दिसल्या आणि २०१५ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. म्हणून मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, संमतिपत्रे, आकडेवारीवर केलेल्या प्रत्येक प्रक्रियेची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. माणसांशी संबंधित संशोधनाला नीतिविषयक समितीची परवानगी बऱ्याच विद्यापीठांत क्षेत्रकार्यापूर्वी घ्यावी लागते; नंतर मागितली तर गोळा केलेले सगळे वाया जाऊ शकते.

प्रबंधाच्या स्वरूपाविषयी थोडक्यात. पूर्वी एकसंध ग्रंथ हाच एक प्रकार होता. आता बऱ्याच ठिकाणी एका सूत्रात बांधलेले तीन स्वतंत्र निबंधही चालतात. सिद्धांत आणि इतिहासाकडे झुकणाऱ्या विषयांना ग्रंथच शोभतो.

मौखिक परीक्षेची भीती मात्र अकारण असते. ब्रिटनमध्ये ती दोन परीक्षकांसमोर बंद दाराआड होते, नेदरलँड्समध्ये आणि स्कँडिनेव्हियात जाहीर सभेसारखी होते, भारतातही ती खुली असते. सगळीकडे विचारले जाते ते एवढेच की हाच प्रश्न का, हीच पद्धत का आणि याहून वेगळे स्पष्टीकरण का नाकारले. किरकोळ दुरुस्त्या सुचवून उत्तीर्ण करणे हा अगदी सामान्य निकाल आहे, त्यात कमीपणा नाही.

राहिला मार्गदर्शकाचा मुद्दा. नावाजलेल्या व्यक्तीमागे धावण्यापेक्षा, त्यांच्याकडे याआधी नोंदणी केलेल्या किती जणांनी प्रबंध सादर केले आणि त्यांना किती वर्षे लागली, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारा. भारतात नोंदणी करणार असाल तर मार्गदर्शकांच्या निवृत्तीचे वर्षही विचारून घ्या: सेवेची तीन वर्षे उरलेली नसतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, शिवाय प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा रिकामी आहे का हेही आधीच समजते. भेटीला जाताना शीर्षक घेऊन जाऊ नका. दोन पानांवर प्रश्न, त्याची शक्य असलेली दोन परस्परविरोधी उत्तरे आणि त्यांत निवाडा करू शकेल अशी साधने कोठे मिळतील, एवढेच लिहून न्या.